पंचनाम्यातलं जनावर

२०१४ च्या पोळ्यानंतर आठ-दहा दिवसांनी आमच्या शिवारात एक वासरू मेलं, आणि ते कशानं मेलं हे मी चुकीचं सांगितलं.

किन्हीराजा हे वाशीम जिल्ह्याच्या मालेगाव तालुक्यातलं गाव. काळी जमीन, मधेमधे मुरमाड टेकाडं, खरिपात सोयाबीन आणि तूर, पाणी असेल तिथे हरभरा. शिवाराला लागून ई-क्लासची पडीक जमीन आहे. वऱ्हाडाबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो, ई-क्लास म्हणजे सरकारी चराईची जमीन. हे नाव इंग्रजी अमदानीतल्या वर्गवारीतून आलं आणि लोकांच्या तोंडी मराठी होऊन गेलं. काटेपूर्णा अभयारण्याचं रान इथून फार लांब नाही. अशा ठिकाणी मी तीसेक वर्षं अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवलं. त्यामुळे 'सरांना ठसे ओळखता येतात' अशी हवा झाली होती, आणि खरं सांगायचं तर ती मला आवडतही होती.

वासरू नाल्याकाठी पडलं होतं. पोट फाडलेलं, मागचा एक पाय जागेवर नाही. भोवतीच्या चिखलात ठसेच ठसे, आणि प्रत्येक ठशापुढे नखांच्या खुणा. मांजरकुळातले प्राणी चालताना नखं आत ओढून घेतात, श्वानकुळातल्यांची नखं बाहेरच राहतात, हे मी पोरांना दर वर्षी फळ्यावर काढून दाखवत असे. पाच मिनिटं पाहिलं आणि म्हणालो, कुत्री आहेत. वासराचा मालक माझा वर्गमित्र. त्यानं माझ्या शब्दावर वासरू ओढत नेऊन नाल्यापलीकडे टाकून दिलं.

तिसऱ्या दिवशी दोन शेतं सोडून दुसरं वासरू मेलं. या वेळी वनरक्षक आले, पशुवैद्यक आले. पशुवैद्यकांनी गळ्यावरची कातडी सोलली. वरून जिथे केसांत काही दिसत नव्हतं, तिथे आत चार भोकं होती आणि भोवती काळं साकळलेलं रक्त. वरच्या दोन सुळ्यांमधलं अंतर साडेचार सेंटिमीटरच्या आसपास. बिबट. मी तसाच नाल्यापलीकडे गेलो. पहिल्या वासराचं फारसं काही उरलं नव्हतं, पण मानेची कातडी वाळून तशीच होती. उलटी करून पाहिली. तीच चार भोकं.

पाळीव जनावर वन्यप्राण्यानं मारलं तर ४८ तासांच्या आत कळवावं लागतं आणि पंचनामा होईपर्यंत ते जागेवरून हलवायचं नसतं. वर्गमित्राच्या हातून दोन्ही गोष्टी माझ्यामुळे गेल्या. तो मला काही बोलला नाही, हे अधिक वाईट झालं.

चूक कुठे झाली, हे समजायला मला वर्ष लागलं. नखांचा नियम खोटा नव्हता. ते ठसे खरंच कुत्र्यांचे होते. पण मेलेल्या जनावराभोवतीचे सगळ्यात ठळक ठसे हे सगळ्यात शेवटी आलेल्याचे असतात. बिबटानं रात्री मारलं, थोडं खाल्लं, उजाडायच्या आत तो निघून गेला. मग कुत्री आली आणि बिबटाचं सगळं लिखाण तुडवून गेली. मारणारा एक आणि खाणारे दुसरे, असं रानात रोज घडतं. जिवंतपणी चावलं तरच कातडीखाली रक्त साकळतं. मेल्यावर फाडलं तर मांस फिकं राहतं. म्हणजे कोणी मारलं याचा जबाब जमिनीवर नव्हता, कातडीच्या आत होता. तेव्हापासून माझ्या पिशवीत वहीबरोबर मोजपट्टी आणि एक लहान सुरी असते. मात्र सुरी चालवण्याचा अधिकार पशुवैद्यकाचा. मी फक्त आठवण करून देतो.

ओळखण्याची सुरुवात ठशापासून होते असं मला तेव्हा वाटायचं. ती त्याही आधी, नावापासून होते.

आमच्याकडे कुणी 'वाघ दिसला' म्हणालं तर त्यावरून काहीच कळत नाही. वऱ्हाडात बिबटही वाघच. तडसालाही, म्हणजे पुस्तकी भाषेतल्या तरसालाही, अंधारात दिसलं तर वाघच म्हणतात. अंगावर पट्टे असतातच की त्याच्या. उलट 'हरिण' म्हटलं की काळवीट, चिंकारा, चौसिंगा, क्वचित रोहीची तांबूस मादीसुद्धा त्यात बसते. 'मसन्याउद' हा शब्द मी एकाच गावात दोन प्राण्यांसाठी ऐकला आहे: एका घरी तो उदमांजराला लावतात, शेजारच्या घरी रॅटेलला. दोघांनाही खात्री की हाच तो मढी उकरणारा.

नावांच्या या गुंत्यात सगळ्यात मजेशीर गोष्ट कोल्ह्याची आहे. कोल्ह्याला द्राक्षं आंबट, हे आपण लहानपणापासून ऐकतो. ती गोष्ट इसापाची, आणि इसापाच्या गोष्टीतला प्राणी आपला कोल्हा नाही. इंग्रजीतल्या 'फॉक्स'ला मराठीत आधीपासून एक स्वतंत्र, चांगला शब्द आहे: खोकड. पण पाठ्यपुस्तकांनी फॉक्सलाही कोल्हा केलं आणि जॅकललाही कोल्हा केलं. परिणाम असा की माझ्या वर्गातल्या साठ पोरांपैकी चार-पाच जणांनाच खोकड हा वेगळा प्राणी आहे हे माहीत असे, आणि ती चार-पाचजणं बहुधा मेंढपाळांच्या घरची असत.

हा शब्द एकदा थेट लॅटिनमध्ये जाऊन आला आहे. मुंबई इलाख्याच्या सैन्यातले अधिकारी विल्यम हेन्री साइक्स यांनी १८३१ साली दख्खनच्या सस्तन प्राण्यांची यादी प्रसिद्ध केली. आपल्याकडच्या लांडग्याला 'कॅनिस पॅलिपीस', म्हणजे फिक्या पायांचा, हे शास्त्रीय नाव त्यांनीच दिलं आणि ते आजही उपजातीचं नाव म्हणून टिकून आहे. लांडगा, कोल्हा, कोळसून ही मराठी नावंही त्यांनी प्राण्यांपुढे नोंदवली. खोकडाला तर त्यांनी शास्त्रीय नावच 'कोक्री' असं दिलं. ते टिकलं नाही. जॉर्ज शॉ यांनी १८०० साली याच प्राण्याला 'बेंगालेन्सिस' म्हटलेलं होतं, आणि प्राणिशास्त्रात आधी दिलेलं नाव चालतं. म्हणून आपल्या माळावरचा खोकड आज जगभर बंगालच्या नावानं ओळखला जातो. तक्रार नाही, नियम तो नियम. पण एका परक्या अधिकाऱ्यानं नोंदवून ठेवलेला शब्द आपण आपल्या पाठ्यपुस्तकातून काढून टाकावा, याची गंमत वाटते.

खोकड आणि कोल्हा यांत गोंधळ होण्यासारखं खरं तर काही नाही. खोकड मांजरापेक्षा थोडा मोठा, दोन-तीन किलोचा, पाय काटकुळे, कान मोठे, आणि शेपूट अंगाच्या निम्म्याहून लांब, टोकाला काळी. कोल्हा आठ-दहा किलोचा. त्याची शेपूट आखूड, जेमतेम मागच्या पायाच्या ढोपराखाली पोचणारी. खोकड पळताना शेपूट मागे आडवी धरून असा वळतो की वाटावं सुकाणू शेपटीत आहे. कोल्हा गावाच्या कडेला, उकिरड्यापर्यंत येतो. खोकडाला उघडा माळ लागतो, बीळ खणायला मुरूम लागतो. आमच्या ई-क्लासवर अतिक्रमणं वाढली तसा खोकड कमी दिसू लागला, कोल्हा नाही. म्हणजे दोघांना एकच नाव दिलं की एक कमी झाल्याचंही कळत नाही.

मारुती चितमपल्ली यांनी रानातल्या माणसांकडून शब्द गोळा करण्यात आयुष्य घातलं. पक्षिकोश केला, हंसदेवाच्या संस्कृत 'मृगपक्षिशास्त्रा'चा मराठी अनुवाद केला. २०२५ च्या जूनमध्ये ते गेले. त्यांचं लेखन निसर्गवर्णन म्हणून वाचलं जातं, ते मला अपुरं वाटतं. शब्द नीट नोंदवणं ही प्राणी ओळखण्याची पहिली पायरी आहे, हे मराठीत त्यांच्याइतकं कुणी लावून धरलेलं नाही. मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीनं १९११ साली सस्तन प्राण्यांची मोठी पाहणी सुरू केली, तेव्हा पहिल्या अहवालांपैकी एक आमच्या वऱ्हाडाचा होता. त्या पाहणीत कातडी आणि कवट्या गोळा झाल्या. कातडीवरून प्राणी कळतो. त्याला कोणत्या गावात काय म्हणतात ते कातडीवरून कळत नाही.

सरकारी कागदातही कधी कधी सुंदर शब्द निघतात. पीकनुकसानीची भरपाई ज्या प्राण्यांसाठी मिळते त्या यादीत रानडुक्कर, रोही, रानगवा, माकड यांच्याबरोबर 'हरिण (सारंग व कुरंग)' असं लिहिलेलं आढळतं. संस्कृत काव्यात सारंग म्हणजे हरिण, मोर, चातक, हत्ती, काहीही होऊ शकतं. इथे मात्र अर्थ नेमका आहे. सारंग म्हणजे ज्यांची शिंगं फांद्यांची आणि दर वर्षी गळून पुन्हा येणारी, उदाहरणार्थ चितळ, सांबर. कुरंग म्हणजे ज्यांची शिंगं बिनफांद्यांची आणि जन्मभराची: काळवीट, चिंकारा, चौसिंगा. रोहीसुद्धा शास्त्रानं कुरंगच. नीलगाय या नावात गाय असली तरी. आमच्या जिल्ह्यात कारंजा-सोहोळचं अभयारण्य काळविटासाठी आहे, आणि आमच्या शिवारातही कळप येतात. काळविटात पिळाची शिंगं नराला, मादी बिनशिंगाची. चिंकाऱ्यात मादीलाही बारीक शिंगं असतात आणि काळी शेपटी सारखी हलत असते. तेव्हा लांबून शिंगवाली मादी दिसली तर ती काळविटाची नाही, एवढं पक्कं धरावं.

आता पिकाबद्दल. शेतकऱ्याला प्राणी क्वचित दिसतो, दिसतं ते खाल्लेलं झाड. आणि खाल्लेलं झाड चांगली साक्ष देतं.

रोही, काळवीट, बकरी, गाय यांना वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात. ती झाडाचा शेंडा खालच्या दातांत आणि वरच्या हिरडीत धरून हिसका देतात. म्हणून तुटलेलं टोक फाटकं, धाग्याधाग्याचं असतं. सशाला आणि सायाळीला वर-खाली धारदार दात. ती कात्रीनं छाटल्यासारखं तिरकं कापतात. पंधरा दिवसांचं सोयाबीन वितीच्या आतच तिरकं कापलेलं आणि भोवती गोल, कोरड्या लेंड्या दिसल्या तर तो ससा. कमरेच्या उंचीला तुरीचे शेंडे ओरबाडलेले असतील तर रोही. आणि धुऱ्याच्या आसपास एकाच ठिकाणी लेंड्यांचा ढीग सापडेल, जुन्यावर नव्या. रोही पुन:पुन्हा त्याच जागेवर येऊन लेंड्या टाकते. काळविटाचा नरही ढीग करतो, पण लेंड्या लहान. रानडुक्कर ओळखायला तर डोळे मिटून गेलात तरी चालेल, पाय खड्ड्यात जाईल. ते खातं त्याहून जास्त उकरतं आणि त्याहून जास्त तुडवतं. त्याच्या ठशात दोन खुरांच्या मागे बाजूला दोन ठिपके उमटतात, मागच्या लहान खुरांचे. मऊ मातीत काळविटाच्या ठशात सहसा ते दिसत नाहीत. वानेर तुरीच्या फांद्या मोडून खाली टाकतं, अर्धवट चावलेल्या शेंगा विखुरतं, आणि हे सगळं दिवसाढवळ्या करतं.

एका जागलीच्या रात्री मी हे सगळं एका तरुण शेतकऱ्याला समजावून सांगत होतो. तो ऐकून घेऊन म्हणाला, "सर, कोन खाल्लं ते समजलं. आता खाऊ नाही म्हून काय करू ते सांगा." त्याचं उत्तर माझ्याजवळ अर्धंच होतं. सशाला खाली बारीक जाळी लागते, रोहीला उंच तार लागते, डुकराला पुरलेली तार लागते. एकाचं कुंपण दुसऱ्याला चालत नाही. म्हणून आधी कोण ते कळायला हवं. वीज सोडलेली तार मात्र सगळ्यांना एकसारखीच लागते, रात्री उशिरा परतणाऱ्या माणसालासुद्धा. हे मी त्याला दोनदा सांगितलं.

ठशांकडे परत येतो. ठसा पाहायचा तो सकाळी सात-आठच्या आत, ऊन तिरपं असताना. दुपारी सूर्य डोक्यावर आला की त्याच ठशातली सावली जाते आणि तो सपाट होतो. पांदण रस्त्यावरची बारीक धूळ उत्तम, नाल्याचा ओलसर गाळ उत्तम, पातळ चिखल निरुपयोगी. पातळ चिखलात मांजर वाघ होतं. फोटो काढायचा तर मोबाईल ठशाच्या बरोबर वर धरून, आणि शेजारी काडेपेटी ठेवून. काडेपेटीची लांबी सुमारे पाच सेंटिमीटर. कोल्ह्याचा ठसा जवळपास काडेपेटीएवढा, खोकडाचा तिच्याहून लहान, लांडग्याचा तिच्या दीडपटीहून मोठा. काडेपेटीशिवायचा ठशाचा फोटो म्हणजे उंटाचा की उंदराचा, कुणी सांगू नये.

बिबटाचा ठसा गोलसर, नखं नाहीत, मागच्या गादीची मागची कड तीन भागांत कापल्यासारखी. कुत्र्याचा लांबट, नखं आहेत, आणि बोटं व गादी यांच्या मधून काडीनं फुली काढता येते. तडसाची गंमत त्याच्या पुढच्या-मागच्या पायांत आहे: पुढचा पंजा मागच्यापेक्षा चांगलाच मोठा, कारण ते सगळं जड डोकं-खांद्याचं ओझं पुढे. त्याची नखं बोथट, खुणा आखूड. म्हणून घाईत पाहणाऱ्याला पुढचा ठसा 'नखं नसलेला मोठा पंजा' वाटतो आणि गावात वाघ येतो. जवळपास पांढरी, खडूसारखी विष्ठा सापडली तर मिटलं. हाडं फोडून खाणाऱ्याच्या पोटातून चुनाच बाहेर पडणार.

पण 'इथे वाघ येऊच शकत नाही' असं म्हणायची सोयही आता उरलेली नाही. यवतमाळच्या टिपेश्वरमधला, गळ्यात रेडिओ कॉलर असलेला एक तरुण वाघ २०१९ मध्ये निघाला आणि शेतं, रस्ते, नद्या ओलांडत बुलढाण्याच्या ज्ञानगंगेत पोचला. महिनोन्‌महिने तो माणसांच्या वस्तीतून चालला आणि बहुतेक ठिकाणी कुणाला दिसला नाही. शक्यता कमी असणं आणि शक्यता नसणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्यानं तीन हजार किलोमीटर चालून दाखवलं.

ठशाची मर्यादाही सांगायला हवी. देशभरात १९७२ साली वाघ मोजले ते पंजाच्या ठशांवरून, आणि आकडा आला १,८२७. प्रत्येक वाघाचा ठसा वेगळा ओळखता येतो, ही त्यामागची श्रद्धा. पुढे सरिस्कात कागदावर वाघ राहिले आणि २००५ पर्यंत रानात एकही उरला नव्हता. मग कॅमेरे आले, पट्ट्यांवरून वाघ ओळखणं आलं. ठसा जात सांगतो, तीही नेहमी नाही. व्यक्ती सांगत नाही.

सगळ्यात अवघड जोडी लांडगा आणि गावकुत्रा. एकाच ठशावरून ही दोन वेगळी करता येतात असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. मोठ्या कुत्र्याचा पंजा लांडग्याएवढा असतो. ओळ पाहावी लागते. लांडगा कामाला निघालेल्या माणसासारखा सरळ चालतो, मागचा पाय पुढच्याच्या ठशात टाकत, लांबवर एक रेघ. कुत्रं इथे हुंगतं, तिथे वळतं, परत फिरतं. दुसरी गोष्ट शिकारीची. लांडगा बहुधा एक बकरी पाहतो, गळ्याला धरतो, उचलून नेतो. त्याला पोट भरायचं असतं. गावकुत्री मागून धरतात, मांड्या, ढुंगण, कान फाडतात, एका रात्री चार-पाच जनावरं जखमी करतात आणि थोडंच खातात. हेही नेहमी नव्हे, पण बहुधा.

आणि इथेच तो पंचनाम्यातला प्राण्याचा शब्द जड होतो. पाळीव जनावरांच्या भरपाईच्या यादीत वाघ, बिबट, लांडगा, तडस, कोल्हा आहेत. गावकुत्रं नाही, कारण ते वन्यप्राणी नाही.

तीन वर्षांपूर्वी, हिवाळ्यात, गावाच्या टोकाला राहणाऱ्या एका मावशींच्या गोठ्यात रात्री हल्ला झाला. नवरा नाही, मुलगा पुण्याकडे कामाला, घरी नातू. सात बकऱ्या हेच घर चालवायचं साधन. दोन मेल्या होत्या, तीन जखमी. मी पोचलो तेव्हा उजाडत होतं. वनरक्षकांना यायला अवकाश होता. मी या वेळी पाच मिनिटांत काही बोललो नाही. तासभर पाहिलं. मांड्या फाटलेल्या, एकीचा कान गेलेला, गळ्याला काही नाही. खाल्लेलं जवळजवळ नाहीच. अंगणातल्या धुळीत निदान चार आकारांचे ठसे, लहान-मोठे, बोटं फाकलेली, सगळे गोल गोल फिरलेले. ते गावाकडून आले होते आणि गावाकडेच गेले होते. पशुवैद्यकांनी नंतर मांड्यांची कातडी सोलली, तेव्हा साकळलेलं रक्त तिथेच निघालं.

मावशींनी माझा चेहरा पाहिला. त्यांना यादी माहीत होती. गावात सगळ्यांनाच असते.

"सर, लांडगा लिवलं त तुमचं काय जाते?"

माझं काही जात नव्हतं. ई-क्लासच्या टेकाडावर त्या हिवाळ्यात लांडग्यांची एक जोडी होती; मी आणि दोन मेंढपाळ सोडून कुणाला ठाऊक नसावी. कागदावर लांडगा चढला असता तर दुपारपर्यंत पोरं काठ्या घेऊन टेकाडावर गेली असती, आणि काठ्यांनी न झालेलं काम विष घातलेल्या मांसानं झालं असतं. लांडगा कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, पण अनुसूची टेकाडावर राखण करत नाही. दुसऱ्या बाजूला सात बकऱ्यांपैकी दोन. जो कायदा मारणाऱ्याच्या जातीवरून बकरीची किंमत ठरवतो तो मला तेव्हाही बरोबर वाटला नाही, आज तर अजिबात वाटत नाही. गावकुत्री वाढतात ती गावाच्या उकिरड्यावर, सगळ्यांच्या. नुकसान मात्र एकट्या घराचं.

वनरक्षकांनी विचारलं तेव्हा मी पाहिलं तेवढंच सांगितलं: जखमा कुठे, ठसे किती, दिशा कोणती. प्राण्याचं नाव मी घेतलं नाही. घ्यायची गरज नव्हती. ते ऐकून मान हलवत लिहीत राहिले. मावशींना काही मिळालं नाही.

त्यानंतर बरेच महिने त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. रस्त्यात समोर आल्या की पदर सावरून दुसऱ्या बाजूनं जात. जखमी तीनपैकी दोन बकऱ्या वाचल्या. गोठ्याभोवती त्यांनी बाभळीच्या काट्यांची दुहेरी वई घातली, उंची पुरुषभर. कुत्र्यांसाठी ते योग्य कुंपण होतं. लांडगा समजून घातलं असतं तरी तेच घातलं असतं, असं स्वत:ला सांगून मी माझं समाधान करून घेतलं. फार झालं नाही. लांडग्यांची जोडी पुढच्या उन्हाळ्यात टेकाडावरून गेली. मारली गेली की आपणहून गेली, त्याचा ठसा कुठे राहत नाही.

या वर्षी पहिल्या पावसानंतर मावशींचा नातू सकाळी सातला माझ्या दारात आला. हातात मोबाईल. "आजीनं इचारलं हे कोन हाय म्हून." गोठ्याच्या वईबाहेरच्या ओल्या मातीतला एक ठसा होता, आणि शेजारी काडेपेटी. ठसा काडेपेटीहून बराच मोठा होता. नखं आहेत की काड्या पडल्यात, कळेना. फोटो तिरका काढला होता.

मी चपला घातल्या.